मार्कर नॉर्मल आला म्हणून वृषणातली गाठ विसरू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्याच्या पानावर ट्युमर मार्करबद्दलचा, म्हणजे कॅन्सरची गाठ रक्तात जे पदार्थ सोडते त्यांच्याबद्दलचा लेख वाचला, लेख चांगलाच आहे, पण त्यात एक वाक्य होतं की वृषणाचा कॅन्सर आता साध्या रक्ततपासणीत कळतो, आणि ते वाचल्यावर मला राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी बरीच वर्षं लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या सेक्शनला काम करते, एएफपी आणि बीटा एचसीजी या दोन मार्करची सॅम्पल्स सतत हाताखालून जातात, त्यामुळे या टेस्टबद्दल मला आदर आहे आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल चुकीचं काही छापून आलं की त्रास होतो. कारण हे वाक्य वाचणारा एखादा विशी-पंचविशीतला मुलगा, ज्याला अंघोळ करताना गोटीत काहीतरी कडक लागलंय आणि जो ते घरात कुणाला सांगत नाहीये, तो गुपचूप जाऊन मार्करची टेस्ट करून घेईल, रिपोर्ट नॉर्मल आला की सुटलो म्हणून गप्प बसेल, आणि गाठ तिथेच वाढत राहील.

असं होऊ शकतं का? होतं. आमच्या ओळखीतल्या एका मुलाचं झालंय. त्याने आरोग्य तपासणीचं पॅकेज घेतलं, त्यात कॅन्सर मार्कर म्हणून एएफपी होती, ती अगदी नॉर्मल आली, आणि त्यानंतर बरेच महिने तो कुणाकडे गेलाच नाही. शेवटी दुखायला लागलं तेव्हा सोनोग्राफी झाली आणि ऑपरेशननंतर कळलं की सेमिनोमा आहे, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरचा एक प्रकार. आता तो ठणठणीत आहे, पण मधले ते महिने फुकट गेले, आणि गेले ते एका बरोबर आलेल्या रिपोर्टमुळे, हे मला फार लागलं. लॅबचं काही चुकलं नव्हतं. सेमिनोमामध्ये एएफपी वाढतच नाही, आकडा खराच होता, फक्त त्याने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्या आकड्यात नव्हतं.

हे नीट समजायला हे प्रोटीन येतात कुठून ते बघावं लागेल. वृषणाचे बहुतेक कॅन्सर जर्म सेलचे असतात, म्हणजे ज्या पेशींपासून शुक्राणू बनतात त्यांच्या घराण्यातले. या पेशींमध्ये गर्भ घडवण्याची ताकद मुळातच असते, आणि त्या बिघडल्या की गर्भात जे जे बनतं त्याची वेडीवाकडी नक्कल करायला लागतात. ट्युमरचा एखादा भाग गर्भाच्या योक सॅकसारखा, म्हणजे सुरुवातीला गर्भाला जोडलेल्या पिशवीसारखा वागतो आणि एएफपी म्हणजे अल्फा फीटोप्रोटीन बनवतो, जे एरवी पोटातल्या बाळाचं यकृत आणि योक सॅक बनवतात आणि जन्मानंतर हळूहळू जवळजवळ नाहीसं होतं. एखादा भाग वारेच्या पेशींसारखा वागतो आणि एचसीजी बनवतो, तेच हार्मोन ज्यावर प्रेग्नन्सी टेस्ट चालते. म्हणजे मोठ्या पुरुषाच्या रक्तात गर्भाचं आणि वारेचं प्रोटीन सापडतं, ही गोष्ट मला आजही तितकीच थक्क करते. बर्नहार्ड झोंडेक यांनी १९३० च्या सुमारास वृषणाचा ट्युमर असलेल्या पुरुषाच्या लघवीत हे हार्मोन दाखवलं होतं, कॅन्सरच्या अगदी जुन्या मार्करपैकी हा एक. एएफपीची गोष्ट नंतरची, १९६३ मध्ये गारी आबेलेव यांना ते उंदरांच्या यकृताच्या ट्युमरमध्ये दिसलं आणि १९६४ मध्ये युरी तातारिनोव यांना माणसात.

पण आता यातलीच अडचण बघा. ट्युमरने नक्कल कशाची केली यावर सगळं अवलंबून. योक सॅकची केली तर एएफपी वाढणार, वारेची केली तर एचसीजी वाढणार, आणि यातलं काहीच केलं नाही तर रक्तात काहीच दिसणार नाही. शुद्ध सेमिनोमा, जो खूप कॉमन आहे, तो एएफपी बनवत नाही, आणि एचसीजी वाढलेलं सापडतं ते साधारण १५ ते ३० टक्के पेशंटमध्ये, म्हणजे उरलेल्या बहुतेकांचे हे दोन्ही मार्कर नॉर्मल. टेराटोमा नावाचा प्रकार तर बहुतेक वेळा काहीच सोडत नाही. नॉन सेमिनोमामध्ये, म्हणजे सेमिनोमा सोडून बाकीच्या जर्म सेल कॅन्सरमध्ये चित्र बरं असतं, तिथे दोन्हीपैकी एक तरी बऱ्याच जणांत वाढलेला मिळतो, पण तिथेही सगळ्यांत नाही, आणि आजार लवकरच्या स्टेजला असेल तर आणखी कमी. नेमका जेव्हा पकडायला हवा तेव्हाच मार्कर गप्प असण्याची शक्यता जास्त. म्हणूनच कुठलीही जबाबदार गाईडलाइन निरोगी पुरुषांचं स्क्रीनिंग या टेस्टने करा असं सांगत नाही.

तो प्रेग्नन्सी टेस्टचा मेसेज तर मला इतक्या जणांनी पाठवलाय की विचारू नका. पुरुषाने घरच्या किटवर टेस्ट केली आणि दोन रेघा आल्या तर कॅन्सर, असं त्यात असतं. यातला एक अर्धा खरा आहे, पुरुषाच्या लघवीत किट पॉझिटिव्ह आलं तर ते अजिबात हसण्यावारी न्यायचं नाही, ताबडतोब डॉक्टरकडे जायचं. पण उरलेला अर्धा धोक्याचा आहे, कारण निगेटिव्ह आलं याचा अर्थ शून्य. ज्याचा ट्युमर एचसीजी बनवतच नाही त्याचं किट कायम निगेटिव्हच येणार, ट्युमर कितीही मोठा असला तरी.

मग करायचं काय, तर ते सोपं आहे आणि त्यात फार वेळही जात नाही. वृषणात गाठ लागली, एक बाजू कडक किंवा मोठी वाटली, जड जड वाटायला लागलं, दुखत नसलं तरी, नाही, दुखत नसलं तर जास्तच, आधी डॉक्टरला हाताने तपासू द्यायचं आणि सोनोग्राफी करायची. सोनोग्राफीत काही संशयास्पद दिसलं की युरोलॉजिस्ट मार्कर करायला सांगतात आणि मग ऑपरेशन. कधीकधी सुरुवात दुखण्याने होते, इन्फेक्शन समजून अँटिबायोटिक चालू होतं, तेही चुकीचं नाही, पण कोर्स संपल्यावर सूज तशीच राहिली तर दुसरा कोर्स घेत बसू नका, सोनोग्राफी करा. आणखी एक, ज्याच्याकडे लोकांचं लक्ष जात नाही, तरुण मुलाची छाती अचानक दुखरी होऊन वाढायला लागली तर तेही एचसीजीमुळे असू शकतं, तेव्हा वृषण तपासलेच पाहिजेत. लहानपणी ज्याचं वृषण खाली उतरलेलं नव्हतं किंवा ज्याच्या वडिलांना वा भावाला हा आजार झालाय त्याने तर जास्तच लक्ष ठेवावं, वृषण खाली आणायचं ऑपरेशन झालेलं असलं तरी.

आणि सुई घालून तपासायचा आग्रह धरू नका. इतर बऱ्याच कॅन्सरमध्ये आधी बायोप्सी असते म्हणून लोक इथेही विचारतात, पण वृषणाची लसिका, म्हणजे पेशींमधून वाहणारं पाणी, पोटाच्या मागच्या गाठींकडे जाते आणि त्यावरच्या त्वचेची जांघेतल्या गाठींकडे, बाहेरून सुई घातली किंवा तिथे चीर दिली तर आजाराला नवी वाट मिळू शकते. म्हणून जांघेतून चीर देऊन अख्खं वृषण काढतात आणि पॅथॉलॉजिस्ट ते तपासतो, पक्कं निदान तिथे होतं. तिथेही प्रोटीनच मदतीला येतात बरं का, पण ते रक्तातले नाहीत, पेशीतले. काचेवरच्या पातळ कापावर ओसीटी थ्री-फोर, सॉल फोर, सीडी थर्टी, सीडी वन सेव्हंटीन, ग्लिपिकन थ्री अशा प्रोटीनसाठी रंगाचे डाग देतात, आणि कुठला डाग घेतला यावरून सेमिनोमा आहे की एम्ब्रायोनल कार्सिनोमा की योक सॅक ट्युमर ते ठरतं. उदाहरणार्थ सीडी थर्टी एम्ब्रायोनलमध्ये घेतो, सेमिनोमात सहसा घेत नाही. लोकांना बायोमार्कर म्हटलं की फक्त रक्तच आठवतं, पण निदानाचं खरं काम करणारे मार्कर हे आहेत आणि यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही.

आता वाटेल की मग रक्तातल्या मार्करचा उपयोग काय. उपयोग प्रचंड आहे, आणि तो लोकांना कळावा ही माझी खरी तळमळ आहे. सगळ्यात आधी, ऑपरेशनच्या आधीच रक्त घेतलं गेलं पाहिजे. एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच नावाचा एन्झाइम, तिन्ही. ऑपरेशन झाल्यावर आठवण झाली तर सुरुवातीचा आकडा कायमचा हातातून गेला, मग नंतर आलेला आकडा खाली येतोय की वर चाललाय ते कशाशी ताडणार? पेशंटच्या घरच्यांनी हे बिनधास्त विचारावं, डॉक्टर मार्करचं रक्त घेतलंय ना, यात संकोच कसला.

दुसरं म्हणजे प्रकार ठरवायला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट शुद्ध सेमिनोमा म्हणतोय पण एएफपी स्पष्ट वाढलेलं आहे आणि त्याला यकृताचं वगैरे दुसरं कारण नाही, तर पेशंटला नॉन सेमिनोमा धरूनच ट्रीटमेंट देतात, कारण कुठेतरी दुसऱ्या प्रकारचा भाग लपलेला असणार. एका प्रोटीनने सगळी दिशा बदलते.

आणि तिसरं, माझ्या मते सगळ्यात सुंदर, तो म्हणजे उतार. शरीरातून एएफपी अर्धं व्हायला ५ ते ७ दिवस लागतात, एचसीजीला त्याहून कमी, साधारण दीड ते तीन दिवस. समजा ऑपरेशनच्या आधी एएफपी ८०० होतं. सगळा ट्युमर निघाला असेल तर आठवड्याभरात ते ४०० च्या आसपास, मग २००, मग १००, असं करत साधारण पाच-सहा आठवड्यांत नॉर्मलच्या जवळ आलं पाहिजे. तसं आलं तर छान. मध्येच अडकलं, किंवा उतरायच्या ऐवजी चढलं, तर कुठेतरी अजून ट्युमर आहे आणि तो प्रोटीन बनवतोय, मग स्कॅनमध्ये काही दिसो वा न दिसो. इथे एकटा आकडा कामाचा नाही, आकड्यांची रांग लागते. ऑपरेशननंतर चार दिवसांनी एएफपी ५०० बघून रडणारे नातेवाईक मी पाहिलेत, आणि त्यांना सांगावं लागतं की अहो हे ८०० वरून खाली आलंय, जसं यायला पाहिजे तसंच येतंय. किमो सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तर मार्कर उलट वाढूही शकतात कारण मरणाऱ्या पेशींमधून ते रक्तात सांडतात, तेव्हा त्या एका रिपोर्टवरून किमो लागू पडली नाही असं घरीच ठरवू नका.

आजार पसरलेला असेल तर किमो किती कडक द्यायची तेही या आकड्यांवर ठरतं. १९९७ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या पाच हजारांहून जास्त पेशंटची माहिती एकत्र करून एक वर्गवारी केली गेली, ती अजून वापरात आहे. नॉन सेमिनोमामध्ये ऑपरेशननंतर आणि किमोच्या आधी एएफपी १,००० च्या खाली, एचसीजी ५,००० च्या खाली आणि एलडीएच नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दीडपटीच्या आत असेल आणि आजार वाईट ठिकाणी पसरलेला नसेल तर चांगला गट, एएफपी १०,००० च्या वर किंवा एचसीजी ५०,००० च्या वर किंवा एलडीएच दहापटीच्या वर गेलं तर कठीण गट. तेव्हा कठीण गटातले निम्म्याहून थोडे कमी पेशंट पाच वर्षं जगत होते, २०२१ मध्ये ही माहिती नव्याने तपासली तर तो आकडा ६७ टक्क्यांवर गेला होता आणि चांगल्या गटात ९६ टक्के. सिस्प्लॅटिन हे किमोचं औषध आल्यापासून या आजाराचं रूपच बदललं, सत्तरच्या दशकात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते वृषणाच्या कॅन्सरमध्ये वापरलं आणि पसरलेल्या आजारातूनही मुलं बरी व्हायला लागली. इतका बरा होणारा कॅन्सर आहे हा, आणि म्हणूनच उशीर झालेला बघवत नाही.

एलडीएचबद्दल थोडं. हा तसा कशानेही वाढणारा एन्झाइम आहे, एकट्यावर काहीच ठरवायचं नाही. रक्त घेताना जोरात ओढलं, ट्यूब हलवत आणली, सॅम्पल हिमोलाइज झालं म्हणजे लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एलडीएच बाहेर येतं आणि आकडा उगाच फुगतो. अशा वेळी लॅबने पुन्हा रक्त मागितलं तर चिडू नका, ते तुमच्याच भल्याचं आहे.

बाकीच्या दोन टेस्टचेही लपंडाव आहेत आणि ते लोकांना माहीत असलेले बरे. हिपॅटायटिस, सिरोसिस, यकृताचा कॅन्सर यात एएफपी वाढतं, काही घराण्यांत ते जन्मभर थोडं जास्तच असतं, आणि तान्ह्या बाळात तर ते भरपूर असणारच, त्याला मोठ्या माणसाची रेंज लावून घाबरू नका. ऑपरेशन किंवा किमोनंतर टेस्टोस्टेरॉन कमी पडलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी थोडंसं एचसीजी सोडते, मग आकडा किंचित वर दिसतो आणि सगळ्यांना वाटतं आजार परत आला. काहींच्या रक्तात अशा अँटिबॉडी असतात की त्या टेस्टलाच फसवतात, मग आम्ही दुसऱ्या पद्धतीच्या मशीनवर रिपीट लावतो. उलटही होतं, एचसीजी प्रचंड वाढलेलं असेल तर टेस्टमधल्या अँटिबॉडी पुऱ्या पडत नाहीत आणि आकडा चक्क कमी येतो, सॅम्पल डायल्यूट करून लावलं की खरा आकडा बाहेर येतो. म्हणून पेशंटचा आजार आणि रिपोर्ट जुळत नसेल तर डॉक्टरने लॅबला फोन करावा, आम्हाला त्याचा राग येत नाही, उलट माहिती मिळाली तरच आम्ही डायल्युशन लावणार ना. आणि केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना सांगा, काही मशीनवर त्यामुळे हे आकडे खोटे कमी येतात. शक्यतो सगळ्या टेस्ट एकाच लॅबमध्ये करा, दोन लॅबच्या आकड्यांची तुलना करून आजार वाढला की कमी झाला हे ठरवणं बरोबर नाही.

नवीन संशोधनाबद्दल आपल्या लेखात उत्साहाने लिहिलंय ते मला आवडलं. मायक्रो आरएनए ३७१ वर खूप आशा आहे, ते प्रोटीन नाही, आरएनएचा छोटासा तुकडा आहे, आणि २०१९ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात जर्म सेल ट्युमर असलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांत तो सापडला, सेमिनोमासुद्धा. जुन्या तिन्ही प्रोटीनपेक्षा हे खूप वरचढ आहे. पण टेराटोमा त्यालाही दिसत नाही. प्लासेंटल अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं प्रोटीन सेमिनोमासाठी एकेकाळी चांगलं वाटलं होतं, पण सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये ते एरवीही वाढलेलं असतं म्हणून मागे पडलं. सांगायचं इतकंच की नवीन मार्करची बातमी छापताना तो कुणाला सापडत नाही हेही त्याच बातमीत छापा, आमच्यासारख्यांना त्या ओळीची फार गरज आहे.

माझी विनंती आहे की पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच आकारात एक खुलासा द्यावा की मार्कर नॉर्मल असले तरी वृषणातल्या गाठीसाठी सोनोग्राफी करावीच लागते. आतल्या पानावर कोपऱ्यात नको. पॅकेजच्या जाहिराती आपल्याकडेही येतात, त्यात कॅन्सर मार्कर असं मोघम लिहिलेलं असतं, कुठला कॅन्सर आणि कुठला मार्कर ते लिहायला जाहिरातदारांना सांगता आलं तर बघा. आणि एखाद्या युरोलॉजिस्टना मुलांचे प्रश्न घेऊन उत्तरं द्यायला बोलवा, नावं न छापता, कारण मुलं विचारतील ती नाव छापलं जाणार नसेल तरच. त्यात ऑपरेशननंतर मूल होईल का हा प्रश्न नक्की येईल, त्याचं उत्तर सविस्तर द्यायला सांगा, एक वृषण निरोगी असेल तर बहुतेकांना होतं, आणि ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी, जमलं तर ऑपरेशनच्याही आधी, वीर्य गोठवून ठेवता येतं, हे कळलं तरी निम्मी मुलं लपवायचं सोडून लवकर येतील असं मला वाटतं.

आपली,
लॅबमध्ये काम करणारी एक वाचक